कॅल्गरीत नवे आहात? डोंगरात जाण्याआधी बेअर स्प्रेबद्दल एवढं वाचा

कॅल्गरीत घर लागलं, गाडी आली, की पहिल्याच उन्हाळ्यात बान्फ, लेक लुईस आणि कॅनानास्किसच्या फेऱ्या सुरू होतात. हा सगळा अस्वलांचा मुलूख आहे. काळी अस्वलंही आहेत आणि ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलंही. नवीन आलेले लोक बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर उडवायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा कॅन, घेतात, पण बऱ्याचदा तो सॅकच्या तळाशी रेनकोटखाली पडलेला असतो. ग्रिझली ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. सॅक उतरवून चेन उघडेपर्यंत प्रकरण संपलेलं असतं. कॅन दोन सेकंदांत हातात आला पाहिजे, ही एकच अट डोक्यात ठेवून खालचं सगळं वाचा.

विकत घेताना

कॅनडात बेअर स्प्रे कीटकनाशकांच्याच कायद्याखाली येतो, म्हणून अस्सल कॅनवर हेल्थ कॅनडाचा (सरकारी आरोग्य खात्याचा) नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर घेऊ नका. माणसांवर वापरायला बनवलेला पेपर स्प्रे इथे निषिद्ध शस्त्र मानला जातो, तेव्हा कोणी 'दोन्हीकडे चालतो' म्हणून काही देऊ केलं तर हात लावू नका. बेअर स्प्रे बाळगणं कायदेशीर आहे, पण प्राण्यांसाठीच. 'रात्री ट्रेनमधून एकटी येते, पर्समध्ये असू दे' हा विचार पोलिसांसमोर महागात पडतो, कारण माणसावर वापरायच्या उद्देशाने जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे. हायकिंगला जाताना घ्या, परत आलात की घरी ठेवा. काही दुकानांत कॅन काउंटरमागे असतो, ओळखपत्र मागतात आणि सही घेतात. त्यात वावगं काही नाही.

कॅन साधारणपणे २२५ आणि ३२५ ग्रॅम अशा दोन मापांत मिळतो. ३२५ चा घ्या. थोडा जड आहे, पण फवारा जास्त वेळ टिकतो. ग्रिझलीवर काम करणारी अमेरिकेतली आंतरसंस्था समिती निदान ६ सेकंद फवारा आणि निदान २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर पल्ला असावा असं सांगते. लेबलवरचे हे दोन आकडे दुकानातच वाचा. किंमत साधारण ४० ते ६० डॉलर. चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतंत्र कॅन हवा. चौघांत एकच असेल तर तो हमखास मागे राहिलेल्याकडे असतो. होल्स्टर (कॅन अंगावर अडकवायची म्यान) वेगळा विकत असतील तर तोही त्याच वेळी घ्या.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तारीख बघणं. मुदत साधारण तीन-चार वर्षांची असते. मिरचीचा अंश एवढ्यात वाया जात नाही, पण ज्या वायूच्या दाबाने फवारा उडतो तो सीलमधून हळूहळू गळतो. मग तारीख उलटलेल्या कॅनमधून फवारा निघतो खरा, पण आठ मीटरऐवजी दोन-तीन मीटरवरच संपतो. त्यासाठी एक सोपी युक्ती: नवा कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करा आणि तो आकडा तारखेसह मार्करने बुडाशी लिहून ठेवा. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा वजन करा. घटलेलं दिसलं तर गळती आहे, नवा घ्या.

'जरा मारून बघूया' हे मात्र करू नका. एकदा दाबलं की नळी आणि झडपेत थेंब अडकतात, सील नीट बसत नाही आणि पुढच्या काही आठवड्यांत दाब उतरतो. सरावासाठी मिरची नसलेले कॅन मिळतात. त्यांचं वजन आणि क्लिप (ट्रिगर चुकून दाबला जाऊ नये म्हणून लावलेली) अस्सलसारखीच असते. एक घ्या आणि घरातल्या सगळ्यांना मोकळ्या जागी दोन-तीन वेळा उडवू द्या.

झिप टाय

हा छोटासा तपशील फार लोकांना माहीत नसतो. अनेक कॅनवर सेफ्टी क्लिपभोवती प्लास्टिकची पट्टी बांधलेली असते, दुकानात किंवा वाहतुकीत चुकून उडू नये म्हणून. ती असेपर्यंत क्लिप निघतच नाही. अस्वल समोर असताना ती नखाने तुटत नाही आणि तोपर्यंत कात्री कुठे शोधणार? ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गाडीतून उतरतानाच ती कापा. घरी कापली तर गाडीत क्लिप सटकायची भीती असते.

अडकवायचं कुठे

कमरेच्या पट्ट्यावर किंवा सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यावर, ज्या हाताने लिहिता त्या बाजूला. सॅकच्या बाजूच्या बाटलीच्या कप्प्यात नको, तिथे मागे हात नेऊन शोधावं लागतं. सायकलवर जाणार असाल तर कॅन सायकलच्या दांड्याला लावू नका. पडलात तर सायकल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. अंगावरच हवा. तंबूत झोपताना डोक्याजवळ ठेवा, पण तंबूच्या आत फवारू नका.

आता हाताची सवय. होल्स्टरमधून काढा, तर्जनी कॅनच्या मागच्या कड्यात घाला, अंगठा क्लिपच्या वर आलेल्या टोकावर ठेवून क्लिप सरळ स्वतःकडे ओढा. ती बाजूला वाकवली तर अडकते. मग अंगठा ट्रिगरवर. हे सगळं डोळे न खाली वळवता जमलं पाहिजे. कॅन सीलबंद असतानाच दहा-बारा वेळा नुसतं काढून-ठेवून बघा. हिवाळ्याचे जाड हातमोजे घालूनही बघा, कारण बऱ्याच हातमोज्यांचं बोट त्या कड्यात जातच नाही.

अस्वल दिसलं तर

पार्क्स कॅनडाचा (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे अस्वलापासून निदान १०० मीटर दूर राहायचं. लांबून दिसलं तर थांबा, शांत आवाजात बोला, एकत्र जमा, हळूहळू मागे सरका. पळू नका. या वेळी स्प्रे बाहेर काढून क्लिप काढण्याच्या तयारीत ठेवा, पण फवारू नका.

अस्वल तुमच्या रोखाने येऊ लागलं तर क्लिप काढा. नेमकं किती अंतरावर दाबायचं यावर दोन सल्ले ऐकू येतात. अमेरिकेतलं यलोस्टोन उद्यान धावून येणाऱ्या अस्वलासाठी १८ मीटरपासून सुरुवात करा म्हणतं, तर इतर ठिकाणी ९ मीटरच्या आसपासचा आकडा सांगतात. दोन्हींमागचं कारण समजलं की गोंधळ राहत नाही. तुम्ही अस्वलाला फवारा मारत नाही, त्याच्या वाटेत ढग उभा करता आणि ते धावत त्यात शिरतं. पूर्ण वेगात येणाऱ्या अस्वलाला १८ मीटर कापायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो. म्हणून धावून येत असेल तर लवकर दाबा. हळूहळू, दबकत येत असेल तर ते पल्ल्यात येईपर्यंत थांबा, नाहीतर कॅन हवेतच रिकामा होईल.

नेम थोडा खाली, अस्वलाच्या छातीच्या पुढच्या जमिनीकडे. दाबाच्या धक्क्याने हात वर उचलला जातो, त्यामुळे डोळ्यांवर नेम धरला तर फवारा पाठीवरून निघून जातो. दोन्ही हात वापरा. दोन-तीन सेकंदांचा फवारा मारा, थांबून बघा, तरीही येत असेल तर पुन्हा. वारा समोरून असेल तर काही थेंब तुमच्याही चेहऱ्यावर येतील. तरी फवाराच. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यातलंच) स्प्रे ९२ टक्के वेळा उपयोगी पडला, जवळून वापरणाऱ्या ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही, आणि वाऱ्याचा त्रास झाला त्या घटनांतही फवारा अस्वलापर्यंत पोचला होता.

अस्वल मागे वळलं की तुम्हीही ताबडतोब निघा. बघत उभे राहू नका आणि त्याच्या पाठोपाठ जाऊ नका. अर्धा वापरलेला कॅन उरलेल्या हायकसाठी जवळ ठेवा, पण पुढच्या वेळी नवा घ्या.

फवाऱ्यातूनही ग्रिझली अंगावर आलं, आणि ते बचावासाठी आलेलं असेल (पिल्लं जवळ, अचानक गाठ), तर सॅक पाठीवर तशीच ठेवून पालथे पडा, पाय फाकवा, बोटं मानेमागे गुंफा. मागोवा घेत आलेल्या किंवा काळ्या अस्वलापुढे मात्र झोपून राहायचं नाही, हाताला लागेल त्याने तोंडावर मारायचं.

अंगाला लागलं तर

स्प्रेमधला पदार्थ मिरचीतलाच कॅप्सेसिन आहे, पण अर्कस्वरूपात. तिखट खायची सवय इथे कामाची नाही, डोळे मिटतात आणि खोकला थांबत नाही. कॅप्सेसिन तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने निघत नाही. चोळू नका, पसरतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला उघड्यावर जा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, डोळे भरपूर गार पाण्याने धुवा, त्वचेला साबण लावून पुन्हा गार पाणी. गरम पाणी आणि तेलकट मलम टाळा. साधारण पाऊण-एक तासात उतार पडतो. दमा असेल, किंवा श्वास लागत राहिला तर ९११.

आणि हा स्प्रे डासांच्या औषधासारखा आधीच लावून ठेवायचा नसतो! तंबूवर, बुटांवर, मुलांच्या कपड्यांवर फवारणारे लोक खरोखर आहेत. वाळलेल्या फवाऱ्याच्या वासाने तपकिरी अस्वलं उलट ओढली जातात, हेही अलास्कात दिसून आलं आहे.

गाडी, थंडी, विमान

कॅन ५० अंश सेल्सियसच्या वर तापवायचा नसतो. जुलैत उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त तापतं आणि कॅन फुटू शकतो. गाडीच्या आत फुटलेल्या स्प्रेचा वास आसनांतून महिनोन्महिने जात नाही. झाकणाच्या कडक डब्यात घालून डिकीत ठेवा. उलट, उणे सातच्या खाली दाब कमी होतो आणि पल्ला घटतो, त्यामुळे ऑक्टोबरनंतर कॅन जॅकेटच्या आत उबेत ठेवून चाला.

विमानात बेअर स्प्रे चालत नाही, ना हातातल्या सामानात, ना चेक-इनमध्ये. भारतातून पाहुणे आले आणि परतताना 'आठवण म्हणून' बॅगेत टाकला, तर तो विमानतळावरच राहील. दोन-तीन दिवसांसाठीच हवा असेल तर बान्फमध्ये भाड्याने मिळतो. कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी उद्यानात तर तो नेण्यासच बंदी आहे.

बान्फमध्ये हंगामात काही वाटांवर, उदाहरणार्थ लार्च व्हॅलीकडे, चौघांचा घट्ट गट आणि गटाकडे स्प्रे असणं सक्तीचं होतं. तारखा दरवर्षी बदलू शकतात, निघण्याच्या दिवशी पार्क्स कॅनडाची सूचना बघा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बफेलोबेरी पिकतात तेव्हा ग्रिझली दरीत खाली उतरतात, त्या काळात झुडपांच्या वळणावर मोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत चाला. घुंगरासारख्या बेअर बेलचा आवाज फार दूर जात नाही, वाहत्या ओढ्याजवळ तर मुळीच नाही.

मुदत संपलेला किंवा अर्धवट कॅन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की कामगारांच्या तोंडावर उडतो. कॅल्गरीत ठरावीक फायर स्टेशनांवर घरगुती घातक कचरा स्वीकारतात, तिथे नेऊन द्या. नेताना क्लिप लावलेली आहे ना, ते बघा.