दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर

दसऱ्याच्या आधी अडीच-तीन महिने, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाका. गेल्या वर्षीच्या तोरणातली सुकलेली फुलं ठेवली असतील तर तीच चुरगाळा; काळी, पांढऱ्या शेपटीची काडी म्हणजे बी. टपोऱ्या संकरित फुलांचं बी मात्र तशीच फुलं देईल याचा भरवसा नाही, त्यासाठी पाकीट आणलेलं बरं. आठवड्याभरात रोपं वर येतात. चार-पाच पानं आली की हलवा, दोन रोपांत वीतभर तरी अंतर ठेवून.

खरी गंमत शेंडा खुडण्यात आहे. रोप वीतभर झालं की वरची दोन पानं कळीसकट नखाने खुडून टाका. जीवावर येतं, पण पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी सात-आठ लागतात. याने बहर दोनेक आठवडे लांबतो, म्हणून ऑगस्टच्या मध्यानंतर खुडू नका.

कुंडीत पाणी साचू देऊ नका, पावसात मूळ लगेच कुजतं. उंच झेंडू मागे, बुटका मखमली पुढे; मधे पांढरी शेवंती असली तर केशरी रंग उठून दिसतो.