फ्लेमिंगो आणि कांगारू : तुलनेचा तक्ता भरताना या चुका टाळा

'एक पक्षी आणि एक शिशुधान (पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी यांची तुलना करा' असा शाळेचा प्रकल्प आला की नवी मुंबईतल्या आमच्या ऐरोलीत पक्षी ठरलेलाच, फ्लेमिंगो. समोर कांगारू. मागच्या वर्षी लेकीचा तक्ता रविवारी रात्री मी भरला (हो, मीच) आणि तो लाल शाईने रंगून परत आला.

पहिली चूक नावातच होती. फ्लेमिंगो म्हणजे मराठीत रोहित. ठाण्याच्या खाडीत त्याच्या दोन जाती येतात, छोटा रोहित आणि मोठा रोहित. मी उंची मोठ्याची लिहिली, फोटो छोट्याचा चिकटवला. छोट्याची चोच गडद, लांबून काळीच वाटते. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. कांगारूसुद्धा तांबडा की राखाडी, ते आधी ठरवा.

'जन्मस्थान : नवी मुंबई' हेही नको. इथे ते हिवाळ्यात येतात ते खायला. चिखलाचे बुटके मनोरे रचून अंडं घालतात ते कच्छच्या रणात.

खरी गफलत 'पिल्लू' या ओळीत. सगळे 'अंडं घालतो' आणि 'पिल्लाला जन्म देते' एवढं लिहून मोकळे होतात. दिवस मोजा की! रोहित अंडं साधारण महिनाभर उबवतो. तांबड्या कांगारूची मादी गाभण असते 33 दिवस. म्हणजे जवळपास तेवढंच. पण अंड्यातून निघतं ते उघड्या डोळ्यांचं, अंगभर लव असलेलं पिल्लू. कांगारूचं मात्र राजम्याच्या दाण्याएवढं, जेमतेम ग्रॅमभराचं, आंधळं. ते आईच्या केसांना धरत धरत पोटावरच्या पिशवीपर्यंत स्वतः चढतं आणि पुढचे सात-आठ महिने तिथेच वाढतं.

'दूध' या ओळीत पक्ष्यापुढे मी बिनधास्त फुली मारली होती. स्तन नसतात हे खरं, पण रोहिताचे नर-मादी दोघंही घशातून लालसर, स्निग्ध द्रव पिल्लाच्या चोचीत सोडतात. कांगारूत दूध फक्त मादीचं आणि पिशवीही तिचीच. नराच्या चित्राला पिशवी काढू नका.

चित्रावरून आठवलं. रोहिताचा पायाच्या मध्यावरचा, मागे वाकणारा सांधा म्हणजे गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. बघायचंच असेल तर भरतीची वेळ गाठा. खाडीतला चिखल बुडाला की थवे सीवूड्सकडच्या पाणथळींवर येतात, तिथे काठावरूनही तो घोटा दुमडताना दिसतो.