पट्टेरी कोंबड्या आणि माझी घाई

ओहायोत आमच्या घरामागच्या खुराड्यात सध्या बावीस कोंबड्या आणि तीन कोंबडे आहेत. सगळे बार्ड प्लिमथ रॉक जातीचे, अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे असलेले. इथले मराठी मित्र येतात, जाताना डझनभर अंडी नेतात आणि दारात चपला घालता घालता विचारतात, "आम्हालाही चार पिल्लं देशील का?" दर वेळी उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदाच बसून लिहिते आहे.

आधी मनाशी ठरवा, तुम्हाला अंडी हवीत की रूप? दोन्ही हवं म्हणालात तर हरकत नाही, मलाही दोन्हीच हवं होतं. पण नाव एक असलं तरी बाजारात मिळणारे पक्षी दोन तऱ्हेचे असतात. वसंतात शेतीमालाच्या दुकानात मोठ्या हॅचरीची (उबवणी केंद्राची) पिल्लं येतात. ती स्वस्त असतात, लवकर अंड्यावर येतात आणि भरपूर अंडी देतात. पट्टे मात्र पाण्यात भिजलेल्या शाईसारखे फिसकटलेले. दुसरी तऱ्हा जुन्या पैदासकारांनी जपलेली. ही अंगाने भारी असते, कोंबडा ४.३ किलो आणि कोंबडी ३.४ किलोपर्यंत जाते. अंडी वर्षाला २००च्या आसपास, तपकिरी. आणि पट्टे पट्टी लावून आखल्यासारखे. माझी पहिली सहा पिल्लं दुकानातली होती. त्यांनी आम्हाला अंडी पुरवून पुरवून दमवलं. पुढे कोलंबस शहरात नोव्हेंबरात भरणाऱ्या कोंबड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात एका पंचांनी कोंबडीच्या पाठीवरचं पीस हाताने फाकवून दाखवलं. आतल्या मऊ लवेपर्यंत, थेट कातडीपर्यंत पट्टे उतरलेले होते. घरी येऊन माझ्या कोंबडीचं पीस फाकवलं, तर आत नुसता राखाडी धूर.

या फरकाचं कारण वेळ. पीस वाढत असताना रंग भरणं चालू होतं, थांबतं, परत चालू होतं, आणि त्यातून पट्टा तयार होतो. पीस सावकाश वाढलं तर पट्टा अरुंद, सरळ आणि ठसठशीत येतो. म्हणून चांगल्या वाणाची पिल्लं पाचव्या-सहाव्या आठवड्यातसुद्धा अर्धी उघडी, केविलवाणी दिसतात. शेजारीण काळजीने विचारते, आजारी आहेत का? नाहीत. फक्त ऊब जरा जास्त दिवस द्यावी लागते. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या ऊबदार पेटीत, पहिला आठवडा ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

जातीचा इतिहास थोडक्यात. प्लिमथ रॉक नावाने कोंबड्या १८४९मध्ये बॉस्टनच्या प्रदर्शनात आल्या, पण ती पैदास मागे पडली. आजची जात १८६९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला पुढे आली आणि १८७४मध्ये कोंबड्यांच्या जातींचे निकष सांगणाऱ्या अमेरिकेच्या पहिल्या प्रमाण-पुस्तकात दाखल झाली. तिच्या घडणीत डॉमिनिक नावाची आणखी जुनी पट्टेरी जात आहे. नवखे लोक या दोघींत हमखास गोंधळतात. तुरा बघा. उभा, दातेरी, एकेरी तुरा असेल तर रॉक. डोक्याला चिकटलेला, खडबडीत, मागे टोक असलेला तुरा असेल तर डॉमिनिक.

आता माझी फजिती. पट्ट्यांचं जनुक लिंगाशी जोडलेलं असतं. कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती असू शकतात, कोंबडीकडे एकच. म्हणून शुद्ध जातीत कोंबडा फिकट दिसतो आणि कोंबडी गडद. अंड्यातून निघालेल्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका नराला मोठा, पसरट असतो आणि मादीला लहान, नेमका. शंभर टक्के नाही, पण बराचसा खरा. हे सगळं मला माहीत होतं. तरीही तिसऱ्या वर्षी मी घाई केली. माझ्याकडे ऑस्ट्रेलॉर्प जातीचा काळा, बिनपट्ट्यांचा कोंबडा होता (आपल्याकडे कुक्कुटपालनाच्या योजनांमुळे हे नाव अनेकांनी ऐकलं असेल). तो एका ओळखीच्यांना दिला, त्याच आठवड्यात रॉक कोंबडा सोडला आणि आठ दिवसांनी अंडी उबवणीच्या मशीनमध्ये लावली. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं. किमान तीन आठवडे थांबायचं असतं. मी थांबले नाही.

त्या तुकडीत एक कोंबडा देखणा निघाला. गडद, झळाळता, पट्टे रेखीव. बाकीचे भाऊ त्याच्यापुढे धुतलेल्या कपड्यासारखे फिके. आठव्या आठवड्यातच मी त्याला निवडलं आणि इतर सगळे विकून टाकले. त्याचे पाय रॉकसारखे पिवळे नव्हते, फिकट मळकट होते. तेही ऊन कमी मिळालं असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या वसंतात त्याची चोवीस पिल्लं निघाली, त्यांत पाच निखळ काळी, डोक्यावर ठिपक्याचा पत्ता नाही. तेव्हा उजेड पडला. तो गडद दिसत होता कारण त्याच्याकडे पट्ट्यांची एकच प्रत होती, दुसरी बाजू ऑस्ट्रेलॉर्पची. रॉकचा कोंबडा कोंबडीइतका गडद दिसला की खूश होण्याआधी त्याचे पाय बघा, आणि शक्य असेल तर त्याची पिल्लंही बघा.

जुने पैदासकार या रंगाशी वेगळ्या तऱ्हेने झुंजले. प्रदर्शनात नर-मादी एकाच छटेचे हवेत आणि निसर्ग तर तसे देत नाही. मग काहींनी चक्क दोन वेगळे वंश ठेवले, एक चांगले कोंबडे मिळवायला, दुसरा चांगल्या तलंगा (तरुण कोंबड्या) मिळवायला. नवख्याने त्यात पडू नये. जागा दुप्पट, खाद्य दुप्पट, आणि घरच्यांच्या शिव्या तिप्पट.

निवड कधी करायची? पिसं पूर्ण भरल्यावर, म्हणजे सहा महिन्यांच्या पुढे. त्याआधी फक्त उघड दोष असलेले काढा: वाकडी चोच, वाकडी बोटं, तुऱ्याला बाजूने फुटलेला कोंब. नंतर उन्हात धरून पिसं बघा. कोंबड्यात काळा आणि पांढरा पट्टा सारख्या रुंदीचा, कोंबडीत काळा किंचित रुंद, पिसाचं टोक काळं. तुऱ्याला पाच दाते. पण नुसत्या पिसांवर भाळून निवडत गेलात तर चार वर्षांत शोभेच्या कोंबड्या होतील, अंडी विकत आणावी लागतील. म्हणून प्रत्येकीच्या पायात नंबरचं कडं आणि भिंतीवर वही. अंडी कोणाची, कधी सुरू झाली, पिसं कधी झडली, हिवाळ्यात थांबली का, सगळं लिहा. हात लावूनही कळतं. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या मागच्या दोन हाडांत दोन-तीन बोटं सहज मावतात. शिवाय अंडी घालेल तसा तिचा पिवळा रंग उतरत जातो, आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, चोचीचा, सगळ्यात शेवटी पायांचा. आणि इथेच गंमत आहे. पंचांना पाय पिवळेधमक हवे असतात. म्हणजे माझी सगळ्यात कष्टाळू कोंबडी प्रदर्शनात मागे पडणार. मी तिथे तलंगा नेते आणि पैदाशीला फिक्या पायांची म्हातारी ठेवते.

अंडी उबवणं त्या मानाने सोपं. ३७.५ अंश, २१ दिवस, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून तीन वेळा तरी अंडी फिरवायची, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. एखादी खुडूक बसली तर मशीनपेक्षा तीच बरी. टपालाने आलेली अंडी दिवसभर तशीच ठेवून मग लावा आणि फार आशा धरू नका.

हिवाळ्यात एकेरी तुऱ्याची टोकं गारठून काळी पडतात. त्यावर उपाय म्हणून दिवा लावून खुराडं तापवू नका, आग लागते. खुराडं कोरडं आणि वरून हवेशीर ठेवा. तुऱ्याचा घात थंडीइतकाच दमट हवेने होतो.

ज्यावर कोणी बोलत नाही ते म्हणजे जादा कोंबडे. निम्मी पिल्लं नर निघणार आणि दहा कोंबड्यांना एक पुरतो. उरलेल्यांचं काय, हे अंडी लावायच्या आधी घरात बोलून घ्या. आमच्याकडे ते सोळा आठवड्यांच्या पुढे रश्श्यात जातात. मी कोल्हापूरची. कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात, पण सासूबाई म्हणतात की अमेरिकेत पहिल्यांदाच कोंबडीला कोंबडीची चव लागली. आणि हो, पिल्लं किंवा उबवायची अंडी विकायचा विचार असेल तर कळपाची सरकारी रोग-तपासणी आधी करून घ्या. २०२२पासून बर्ड फ्लूचं सावट आहे, बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय आत घेऊ नका.

यंदाची पिल्लं एप्रिलात निघाली. त्यांत एक कोंबडा पुन्हा फार देखणा वाटतो आहे, पाय मात्र पिवळे आहेत. ज्यांना चार पिल्लं हवीत त्यांनी नोव्हेंबरनंतर फोन करावा.