कोचचं वजन उतरवताना: डिझाइनला नव्याने येणाऱ्यांसाठी

टुरिस्ट कोचच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात डिझाइनला लागलो आणि पहिलंच काम पदरात पडलं: गाडीचं वजन उतरवा. मी लगेच कॅड (संगणकावर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) उघडलं. ४० बाय ४०चा चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला साधारण २.३ किलो भरतो, १.६चा १.९. जास्त ताकदीचं स्टील घ्यायचं, जाडी उतरवायची. ३०० मीटर पाइपमागे सव्वाशे किलो गेले! माझी छाती फुगली.

चाचणीची गाडी खराब रस्त्यावर पळवून परत आणली. छतावरच्या एसीखालच्या जोडावर आमच्या वेल्डरमामांनी अंगठ्याने धूळ पुसली, तर रंगावर केसाएवढी तांबूस रेघ, म्हणजे जोडाला तडा. ‘‘साहेब, पाइप चांगलाय, पण जोड बोलतोय.’’

यामागचं कारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलंच होतं. स्टील कितीही ताकदीचं घ्या, यंग्ज मॉड्युलस, म्हणजे त्याचा ताठपणा, २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. पातळ पाइप तुटत नाही, पण जास्त लवतो, आणि त्या लवण्याचा मार जोडावर येतो. वेल्डच्या कडेला तर जास्त ताकदीचं स्टीलही साध्यासारखंच थकतं, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन तडकतं. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते, हा भाग वेगळा.

मग मामांनी मला वजनकाट्यापाशी उभं केलं. एक सीट, एक डिक्कीचं दार, फ्लोअरच्या प्लायचा एक तुकडा, जे हाताला लागेल ते तोलायचं. काचेची जाडी ५ची ४ मिलिमीटर केली की चौरस मीटरला अडीच किलो कमी होतात. पण खरा शोध लागला तो ड्रॉइंगमध्ये नसलेल्या वजनाचा. फ्लोअर समतल करायला घातलेल्या पट्ट्या, पत्र्याच्या लाटा झाकायला फासलेली पुट्टी, सढळ हाताने भरलेला सीलंट. जिग (वेल्डिंग करताना पाइप जागच्या जागी धरणारा साचा) नीट बसवला असता तर यातलं बरंचसं लागलंच नसतं.

किलो कुठून काढला यालाही महत्त्व आहे. उलटण्याच्या चाचणीत (एआयएस-०३१ हे त्याचं भारतीय मानक) गाडी ८०० मिलिमीटर खोल खड्ड्यात कलंडवतात, आणि आत माणसाला बसायची जागा शाबूत राहावी लागते. स्ट्रक्चरला किती ऊर्जा पचवायची हे गाडीचं वजन आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरतं. म्हणून छतावरचा किलो आधी काढा, पिलरचा (खिडक्यांमधल्या उभ्या खांबांचा) शेवटी. एसटीने ॲल्युमिनियमची बॉडी सोडून माइल्ड स्टीलची धरली, तीही सुरक्षिततेसाठीच.

पुढच्या गाडीत मी पिलर जुन्या जाडीचेच ठेवले. आता मुलाखती मी घेतो. ॲन्सिस (ताकद तपासायचं सॉफ्टवेअर) येतं का, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, दोन माणसांची पुशबॅक सीट कधी उचलून पाहिलीय का?