“पाणी शुद्ध करता का?” असं विचारू नका

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात दोन महिने राहिले. विषय होता, लोक घरच्या घरी पाणी कसं शुद्ध करतात. पहिल्या दिवशी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरले. “क्लोरीनचे थेंब टाकता का?” सगळीकडे एकच उत्तर: “टाकतो ना रोज.” संध्याकाळी एका आजींकडे टेकले, तर देवळीत थेंबांची बाटली होती, सील न फोडलेली. ते उत्तर दारी आलेल्या पोरीचं मन राखायला दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नुसतं “आजी, प्यायला पाणी द्या” म्हणायचं आणि बघत राहायचं. पाणी ओगराळ्यानं काढतात की पेला बुडवून? माठावर झाकण असतं का? हे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी खारं, म्हणून पिण्याची सगळी मदार नळावर, आणि नळ रोज येत नाही. पाणी तीन-चार दिवस घरात साठलेलं असतं. एचटूएसच्या, म्हणजे पाणी दूषित असेल तर काळ्या पडणाऱ्या, चाचणी-बाटल्यांत मी प्रत्येक घरातून दोन नमुने घेई, एक नळाचा, एक माठातला. बऱ्याच घरांत नळाची बाटली तशीच राहिली, माठाची 24 तासांत काळी पडली.

औषध सुचवण्याआधी पाण्यात काय आहे ते बघा. क्लोरीन जंतू मारतं, खारटपणा किंवा फ्लोराइड घालवत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांत उकळूनही भागत नाही: पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं. बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या 65 गावांत झालेला प्रयोग अभ्यासात भेटेल. तिथे जुनी साडी चारदा दुमडून पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलं. पण ते नदी-तळ्यांचं पाणी. पटकीचे जंतू पाण्यात तरंगणाऱ्या ज्या सूक्ष्म जीवांना, म्हणजे प्लवकांना, चिकटतात, ते कापडात अडकतात. आपल्याकडे लुगड्यानं गाळ निघतो, आणि तो काढायलाच हवा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. थेंब मात्र त्यानंतरही लागतातच.

ज्यांनी थेंब टाकून पाहिले होते, त्यांची तक्रार वेगळी: “वास येते, चहा बिघडते.” मी लिटरच्या बाटलीनं पाणी भरायचे गुंड मोजले. काहींत जेमतेम 10 लिटर बसायचं आणि थेंब 20 लिटरचे पडायचे. मोजून टाकले, अर्धा तास झाकून ठेवले, की वास बराच कमी व्हायचा. पिण्याच्या वेळी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं हवं, तेवढं त्यात टिकायचं.

निकाल आधी घरच्या बाईला एकटीला सांगा. मी एकदा ओट्यावर सगळ्यांसमोर एका घरची काळी बाटली दाखवली आणि तिथल्या सुनेला सासूची बोलणी खावी लागली. याचं मला आजही वाईट वाटतं. दोन आठवडे त्या घरातून नमुना मिळाला नाही. मग एका सकाळी तीच माझ्या खोलीवर आली. “आता ओगराळं घेतलं, पाहा बरं,” म्हणाली, आणि रिकामी बाटली मागून घेऊन गेली.