‘व्हर्च्युअल मेमरी कमी आहे’ : या सूचनेचा अर्थ आणि त्यावरचे उपाय

राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या पेठापेठांत तालमींचे आणि मंडळांचे डिजिटल फलक झळकू लागतात, आणि ते फलक तयार करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांतले संगणक रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. नेमक्या याच घाईत पडद्यावर सूचना येते, की संगणकाची मेमरी कमी पडत आहे, माहिती गमावू नये म्हणून प्रोग्रॅम बंद करा. ती सूचना बाजूला सारून काम रेटू नये. हातातली फाइल आधी सेव्ह करावी आणि मग नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत. चार तासांचे काम एका क्षणात गेलेले मी पाहिले आहे, म्हणून हे सर्वांत आधी सांगतो.

रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, भरली की ही सूचना येते, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अपुरा आहे. विंडोज प्रोग्रॅमला मेमरी देते ती 4 केबीच्या पानांच्या हिशेबात, आणि बराच वेळ न वापरलेली पाने डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये नेऊन ठेवते. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचे उदाहरण घ्या. दुकानात आणि गोदामात मिळून गुळाचे जेवढे रवे, म्हणजे ढेपा, मावतील तेवढ्यांचाच शब्द तो शेतकऱ्यांना देऊ शकतो; माल प्रत्यक्ष यायचा असला तरी शब्द दिला की ती जागा अडकली. विंडोजही रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेपलीकडे, म्हणजे सूचनेतल्या ‘व्हर्च्युअल मेमरी’पलीकडे, शब्द देत नाही. 8 जीबी रॅम आणि 4 जीबी पेजफाइल असेल, तर सुमारे 12 जीबी ही मर्यादा झाली. प्रोग्रॅम अनेकदा वापरतात त्यापेक्षा जास्त मेमरी मागून ठेवतात, त्यामुळे थोडी रॅम मोकळी दिसत असतानाही सूचना येऊ शकते.

म्हणून आकडे बदलण्याआधी मेमरी कोण अडवून बसले आहे, हे शोधावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडावी आणि ‘कमिटेड’ या शब्दाखालची जोडी वाचावी; पहिला आकडा शब्द दिलेल्या मेमरीचा, दुसरा मर्यादेचा. तिथे 11.4/12 असे काही दिसत असेल, तर मर्यादा जवळ आली आहे. मग डिटेल्समध्ये स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा स्तंभ जोडावा आणि त्यानुसार यादी लावावी. एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा काहीही न करता तासातासाला वाढत असेल, तर त्यात मेमरीची गळती आहे, म्हणजे घेतलेली मेमरी तो परत सोडत नाही. तो प्रोग्रॅम अद्ययावत करावा किंवा बदलावा, कारण पेजफाइल कितीही वाढवली तरी गळती तीही भरून टाकते. सूचना येऊन गेल्यावर तपास करायचा असेल, तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत 2004 क्रमांकाची नोंद पाहावी. सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या प्रोग्रॅमची नावे तिथे मिळतात.

पुष्कळदा दोष प्रोग्रॅमचा नसून फाइलचा असतो. 8 बाय 6 फुटांचा फलक 300 रिझोल्युशनने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेलने, उघडला, तर 28,800 गुणिले 21,600 म्हणजे 62 कोटींहून अधिक पिक्सेल होतात आणि चार रंगांच्या एकाच थरासाठी सुमारे अडीच जीबी लागतात. लांबून पाहायच्या फलकाला 72 रिझोल्युशन पुरते, आणि तेवढ्यावर हाच थर दीडशे एमबीच्या आत बसतो. फोटोशॉपची ‘स्क्रॅच डिस्क’, म्हणजे तो आपल्या तात्पुरत्या फाइलसाठी डिस्कवर वापरतो ती जागा, भरल्याची तक्रार मात्र वेगळी आहे. त्या फाइलचा पेजफाइलशी संबंध नाही.

एवढे करूनही मर्यादा अपुरी पडत असेल, तर पेजफाइल वाढवावी. स्टार्टच्या शोधपट्टीतून ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडावे, परफॉर्मन्सखालच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड निवडावे आणि व्हर्च्युअल मेमरीसमोरचे ‘चेंज’ दाबावे. सर्वांत वरची स्वयंचलित व्यवस्थापनाची खूण असेल, तर माझ्या मते ती तशीच ठेवावी आणि सी ड्राइव्हवर जागा मोकळी करावी, कारण तो ड्राइव्ह काठोकाठ भरल्यामुळेच फाइल वाढू शकत नाही, असे वारंवार आढळते. आकार स्वतः ठरवायचाच असेल, तर खूण काढून ‘कस्टम साइझ’ निवडावे आणि आकडे एमबीत लिहावेत. 8 जीबी म्हणजे 8192. त्यानंतर ‘सेट’ दाबणे अत्यावश्यक आहे. थेट ओके दाबले, तर लिहिलेले आकडे लागू होत नाहीत. आकार वाढवल्यास बहुधा संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही, कमी केल्यास करावा लागतो.

वेग वाढतो म्हणून पेजफाइल पूर्ण बंद करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. त्याने मर्यादा केवळ रॅमवर येते आणि सूचना आणखी लवकर येऊ लागते. दोन डिस्क असतील, तर पेजफाइल एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणाऱ्या वेगवान डिस्कवर, असावी, कारण जुन्या हार्ड डिस्कवर पानांची ने-आण सुरू झाली की माउसचा बाणही अडखळतो.

रोजच्या कामातच संगणक असा अडखळत असेल, तर रॅम वाढवणे हाच खरा इलाज आहे. खरेदीआधी मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, मोकळा स्लॉट आहे का आणि जुनी रॅम कोणत्या पिढीची, म्हणजे डीडीआर3 आहे की डीडीआर4, हे पाहावे, कारण एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. विंडोज 32 बिटांची असेल, तर 4 जीबीपलीकडची रॅम ती वापरणार नाही. बदल झाल्यावर नेहमीच्या सगळ्या फाइली एकाच वेळी उघडून ‘कमिटेड’चा आकडा पुन्हा पाहावा, आणि ही तपासणी हंगाम सुरू होण्याआधीच करून घ्यावी.