लाँग रन करताय? मग सकाळची नाडी मोजायला लागा

रविवारी तीन तास पळून आलं की गुडघे, पोटऱ्या यावर सगळे बोलतात, हृदयाचं कोणी नाव काढत नाही. तोही स्नायूच आहे, तोही दमतो. बसल्या जागी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलणारं हृदय पळताना 20 लिटरपर्यंत जातं आणि ते तासन्‌तास. म्हणून मॅरेथॉननंतर लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग थोडं कमी झालेलं दिसू शकतं, जास्त करून उजव्या बाजूचं, आणि रक्तात ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला ताण पडला की रक्तात उतरणारं प्रथिन) बऱ्याच जणांचं वाढतं. धडधाकट माणसात हे बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत जागेवर येतं, पण तेवढे दिवस त्याला द्या ना!

काय करायचं, तर सकाळी जाग आली की अंथरुणातच, चहाच्या आधी, मनगटावर नाडी धरून पूर्ण 60 सेकंद मोजायची आणि वहीत लिहायची. दोन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो. मुरलेल्या रनरची नाडी बऱ्याचदा 50 च्या खाली असते, कारण हृदयाचा डावा कप्पा मोठा होऊन एका ठोक्यात जास्त रक्त जातं, चक्कर वगैरे नसेल तर ठीक. माझी लाँग रननंतर सात-आठने जास्त आली तर मी सिंहगड चढून जाणं सरळ रद्द करतो, वेताळ टेकडीवर नुसतं चालून येतो.

पळताना पेस (वेग) तोच पण ठोके चढत चाललेत, असं एप्रिल-मेमध्ये हमखास होतं. घामातून पाणी जातं, एका ठोक्याला रक्त कमी जातं, मग हृदय ठोके वाढवून भरून काढतं. तेव्हा पेसचा हट्ट सोडा, हळू व्हा, पाणी प्या.

ताप असताना पळायचं नाही म्हणजे नाहीच. व्हायरलमध्ये कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्यात पळणं जिवावर बेतू शकतं.

छातीत दडपण, पळता पळता घेरी, ठोके वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. आमच्या ग्रुपमधले एक काका दोन आठवडे ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेत पळत होते, शेवटी ब्लॉकेज निघालं, वाचले. पस्तिशीनंतर नव्याने सुरू करत असाल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या, ईसीजी, स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) काय लागेल ते ते सांगतील. आणि जायच्या आधी घरी आईला, आत्याला विचारा, आपल्यात कोणी कमी वयात अचानक गेलंय का, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.